आठल्ये मॅडमचा होकार

आठल्ये मॅडमची नक्कल रत्नागिरीत माझ्याइतकी चांगली कुणी करत नाही. हे मी पूर्वी छाती फुगवून सांगायचो. आता कुणी विचारलं तर नुसतं सांगतो, आणि करून दाखवा म्हटलं की घसा बसलाय म्हणतो.

नक्कल तशी सोपी आहे. काही बोलायचंच नाही. छत्री काखेत, मान किंचित डावीकडे, आणि समोरच्याकडे बघत राहायचं. मॅडम प्रश्न विचारायच्या आणि मग थांबायच्या. हे थांबणं सोसायला फार कठीण. इतर शिक्षक प्रश्न विचारतात आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतात, त्यात विद्यार्थ्याचं किती भलं असतं ते मॅडमच्या तासाला बसल्यावर कळायचं. बाहेर बदामाच्या झाडावर कावळे भांडत असायचे, खालच्या मजल्यावर कॉमर्सचे सर हिशेब सांगत असायचे, आणि आमच्या वर्गात ‘खोटं बोलणं केव्हा बरोबर असतं?’ हा प्रश्न फळ्यावर एकटा उभा. पंखा फिरतोय. मॅडम थांबल्यात. ही शांतता मोडायला दर वेळी मीच काहीतरी फेकायचो. एकदा मी म्हटलं, ‘‘मॅडम, लग्न ठरवताना.’’ वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ‘‘शांतता तुला चावते का रे प्रमोद?’’ एवढंच म्हणाल्या.

चावायची. अजून चावते. म्हणून तर मी निवेदक झालो. लग्नं, वाढदिवस, होमस्टेची उद्घाटनं, गावोगावच्या क्रिकेट स्पर्धांची कॉमेंटरी. माईक दिसला की मी तिथे असतो. चेंडू हरवला आणि सगळे तो करवंदीच्या जाळीत शोधायला गेले तरी मी बोलत असतो.

मॅडम तत्त्वज्ञान शिकवायच्या. तो विषय आम्ही का घेतला याचं प्रामाणिक उत्तर असं, की बाकीच्या विषयांच्या यादीत आमची नावं बसली नाहीत. वर्गात आम्ही मोजकेच. मी लांज्याजवळच्या गावातून एसटीने यायचो; दाभोळची सुजाता होती, जिचे वडील आणि भाऊ होडीवर असायचे; आणि आणखी काही, जे परीक्षेच्या आसपास दिसायचे.

पहिल्याच तासाला मॅडमनी नियम सांगितला. कुणाचंही म्हणणं खोडायचं असेल तर ते आधी त्याच्यासमोर आपल्या तोंडाने मांडायचं. इतकं नीट, की तो माणूस म्हणाला पाहिजे, ‘होय, असंच.’ मग खोडायचं. याला मॅडम होकार आणणं म्हणायच्या. ‘‘आधी होकार, मग नकार,’’ असं त्या रेशन कार्ड आणि आधार कार्ड मागावं इतक्या रुक्षपणे म्हणायच्या. ऐकायला साधं वाटतं. घरी जाऊन बायकोवर करून बघा.

त्यांचा दुसरा नियम आम्हाला सुजाताच्या डोकेदुखीमुळे कळला. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कधी खरोखर कळू शकतं का, असा त्या दिवशीचा प्रश्न होता. मी जोरात होतो. दुसऱ्याचं दुखणं कळूच शकत नाही, आपण फक्त त्याचं तोंड बघतो आणि अंदाज करतो, असं माझं म्हणणं. सुजाता पहिल्या बाकावर डोकं धरून बसली होती. मी म्हटलं, हीच बघा, ही म्हणते डोकं दुखतंय, पण ही नाटक करत नाही कशावरून? दुसरा एक म्हणाला, नाटक करायचं असतं तर पोटाचं केलं असतं. चर्चा फार रंगली. सुजाता मधे एकदा म्हणाली, ‘‘माझं खरंच दुखतंय रे,’’ आणि मी तिला सांगितलं की हे वाक्य पुरावा म्हणून चालणार नाही.

मॅडम उठल्या, स्टाफरूममध्ये गेल्या, गोळी आणि पाण्याची बाटली घेऊन आल्या. सुजाताने गोळी घेतली. ती वर्गातून जायला उठली तेव्हा मॅडम म्हणाल्या, बरं वाटेपर्यंत इथेच पंख्याखाली बस, आम्हीही गप्प बसतो. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘ती गेली की तिच्याबद्दल बोलायचं नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं तो खोलीत हवा.’’ उरलेला सगळा तास आम्ही गप्प बसून काढला. मला वाटतं, त्या दिवशी डोकं सुजाताचं दुखत होतं आणि हाल माझे झाले.

मॅडमची स्कूटर हा वेगळाच विषय. तिचा डावीकडचा इंडिकेटर कायम चालू असायचा. वळून झालं की तो बंद करायचा असतो हे त्यांच्या लक्षात राहायचं नाही, त्यामुळे मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत मागचे रिक्षावाले जीव मुठीत धरून यायचे, की ह्या आता वळतील, मग वळतील. एकाने गाठून सांगितलंही, ‘‘ओ मॅडम, वळायचं नाय तर दाखवता कशाला?’’ मॅडम थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, ‘‘म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मी खुणेने एक सांगते आणि करते दुसरंच, आणि तुम्ही माझ्या खुणेवर विश्वास ठेवून फसता?’’ तो म्हणाला, होय, असंच. ‘‘बरोबर आहे तुमचं,’’ म्हणून मॅडम निघाल्या. इंडिकेटर चालूच.

आता माझ्या होकाराचं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीला मॅडमनी आम्हाला एक प्रयोग दिला: घरात ज्याच्याशी पटत नाही त्याचा होकार आणा, मग त्याला आपला नकार सांगा, आणि काय झालं ते येऊन बोला. माझ्या घरी निवडायला फार वेळ लागला नाही. बाबा मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जन्म घालवून परत आलेले आणि लांज्यात काजूच्या कारखान्यात कामाला. माझ्या मागे लागलेले, की कॉलेज पुरे, डोंबिवलीला मामाकडे जा आणि कामाला लाग. मला जायचं नव्हतं.

मी पहिल्या दिवशी सुरुवात केली. म्हटलं, बाबा, तुमचं म्हणणं असं, की मी वाया गेलोय. ते म्हणाले, मी असं कधी बोललो? दुसऱ्या दिवशी म्हटलं, तुमचं म्हणणं, घरात पैसा यायला हवा. म्हणाले, पैसा काय माझा येतोच आहे. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, ‘‘अरे, त्यांना काय वाटता ता त्यांना तरी ठाव हाय काय?’’ मला तेव्हा वाटलं, हिलाच कॉलेजात घालायला हवं. पण बाबा गंभीर झाले होते. मी अंगणात आलो की तेही यायचे आणि काहीतरी निमित्त काढून बसायचे. माणसाला स्वतःचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची अशी काही ओढ असते हे मला माहीतच नव्हतं.

सुट्टी संपत आली तेव्हा मी अंदाजानेच म्हटलं, ‘‘तुम्ही तिथे इतकी वर्षं काढलीत, ती कशी काढलीत हे इथे कुणालाच माहीत नाही. तुम्ही सांगितलं तरी कळत नाही. मी गेलो तर निदान एकाला कळेल. असं?’’

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, ‘‘होय. असाच.’’ आणि उठून गोठ्यात गेले.

झालं. माझा आनंद गगनात मावेना. होकार मिळाला होता, आणि तो मिळवण्याच्या नादात माझा नकार काय होता तेच मी विसरलो. पुढच्या आठवड्यात मी डोंबिवलीला होतो. मामाच्या ओळखीने एका गोदामात चिकटलो, खोके मोजायचो आणि चुकायचो. परीक्षा बुडाली. गणपतीला घरी आलो तो परत गेलोच नाही. बाबाही रागावले नाहीत. मला एकदा नुसतं विचारलं की तिथे पाणी किती वाजता यायचं, आणि मी सांगितल्यावर मान हलवली.

कॉलेजात तोंड दाखवायला गेलो तेव्हा मॅडमना वाटलं असेल मी आजारी होतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘‘अरे, पण प्रयोगाचा दुसरा भाग होता ना?’’

हा किस्सा मी पुढे शेकडो वेळा सांगितला असेल. माझ्या हमखास हशाच्या किश्श्यांत तो पहिला. आणि तिथेच घोळ झाला.

मॅडम निवृत्त झाल्या त्या गेल्या वर्षी. त्या गेल्यावर तत्त्वज्ञान बंद करायचं असं संस्थेच्या मनात आहे, ही कुजबूज आधीपासून होती. मुलं मिळत नाहीत, जागा भरायला परवानगी नाही, सगळं नेहमीचं. सुजाता आता दाभोळजवळच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिने आम्हा जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप केला आणि मला फोन केला. निरोप समारंभाला संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार होते, सगळे विश्वस्त पहिल्या रांगेत असणार होते, आणि निवेदन अर्थातच माझ्याकडे होतं. तिचं म्हणणं होतं, विषय का चालू राहिला पाहिजे हे त्यांच्या तोंडावर सांगायची अशी वेळ परत येणार नाही. तू बोल, तुला बोलता येतं. मी म्हटलं, तू काळजीच करू नको. आधी थोडं हसवतो, सैल करतो, मग मुद्द्यावर आणतो. ती म्हणाली, ‘‘हसवण्यात अडकू नको म्हणजे झालं.’’ मी तिला सांगितलं की मला माझा धंदा शिकवू नको.

सभागृह भरलं होतं. मॅडम स्टेजवर, मांडीवर छत्री, कारण ती ठेवायची कुठे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि आधी बोललोच नाही. मान डावीकडे, आणि अध्यक्षांकडे बघत राहिलो. आधी मागच्या रांगा हसल्या, मग पुढच्या. मग स्कूटर. मग रिक्षावाला. मग सुजाताचं डोकं. अध्यक्ष रुमालाने डोळे पुसत होते. मग मी डोंबिवली काढली आणि सभागृह कोसळलं. ‘प्रयोगाचा दुसरा भाग’ या वाक्याला टाळ्या थांबेनात. त्या टाळ्यांत मला घड्याळ दिसलं, प्राचार्यांनी हाताने आवरतं घ्या अशी खूण केली, आणि मी म्हटलं, अशा आमच्या मॅडम, असं व्यक्तिमत्त्व पुन्हा होणे नाही. आणि बसलो. सुजाता दुसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

अध्यक्ष उठले. माझं फार कौतुक केलं. म्हणाले, प्रमोदरावांनी आपल्याला मॅडम अशा काही दाखवल्या, की माझ्या मनातली एक शंका फिटली. तत्त्वज्ञान हा विषय आपल्याकडे कधी नव्हताच, होत्या त्या आठल्ये मॅडम. त्या गेल्यावर कुणाला तरी त्या खुर्चीत बसवणं हा त्यांचा अपमान ठरेल. तेव्हा मॅडमबरोबर हा विषयही आपण सन्मानाने निवृत्त करतो आहोत. मला वाटतं, सगळ्यांची संमती आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने मीही वाजवल्या. हे मला घरी गेल्यावर आठवलं, आणि तेव्हापासून रोज आठवतं.

मॅडमनी भाषण केलं नाही. आभार मानले आणि छत्री घेऊन खाली उतरल्या.

मी त्यांच्या मांडवीच्या घरी गेलो. हातात पेढ्यांचा पुडा. माफी मागायला पेढे घेऊन जाणारा मी एकटाच असेन, पण रिकाम्या हाताने जायचं धैर्य नव्हतं. मॅडमनी कोकम सरबत दिलं. त्यात साखर घालायची त्यांना आठवण राहत नाही. मी सुरू केलं, मॅडम, माझं चुकलं. त्यांनी हात वर केला.

‘‘माफी मागतोयस म्हणजे माझी काहीतरी तक्रार आहे असं तू धरून चाललायस. काय आहे ती? होकार आण.’’

मी म्हटलं, मी तुमची नक्कल केली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, नक्कल चांगली होती, मान जरा जास्त वाकडी होती. मी म्हटलं, विषय बंद झाला. म्हणाल्या, तो बहुधा झालाच असता. मी म्हटलं, मी सुजाताला दिलेला शब्द पाळला नाही. म्हणाल्या, ती सुजाताची तक्रार, तिच्याकडे जा. मग थांबल्या. मी पेढ्याचा पुडा उघडला, बंद केला, परत उघडला.

‘‘परत ये,’’ त्या म्हणाल्या.

मी परत गेलो. परत परत गेलो. मधल्या काळात सुजाताकडेही गेलो. तिचा होकार मला पहिल्या वाक्यात मिळाला, कारण मी म्हटलं, तुझं म्हणणं मी गाढव आहे. मॅडमकडे तसं नव्हतं. कधी मी एक वाक्य तयार करून जायचो, त्या ऐकून ‘जवळ आहे’ म्हणायच्या, कधी ‘लांब गेलास’. बाबांची मला आठवण यायची. तेही असेच अंगणात बसून राहायचे. फरक इतकाच की बाबांना ऐकायची ओढ होती, आणि इथे ती मला लागली होती.

निवृत्त झाल्या तरी दर शनिवारी मुलांशी बोलत बसणं मॅडमचं सुटलं नव्हतं. शेवटच्या वर्षाची तीन-चार मुलं संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर त्यांच्याकडे यायची. एका शनिवारी मी तिथे जाऊन मागे उभा राहिलो. भेळेच्या गाड्यांवर गर्दी होती. पायरीवर बसून एक मुलगी सांगत होती, आणि ती काय सांगतेय हे कळलं तसा मी तिथेच बसलो.

ही मुलं अध्यक्षांकडे गेली होती. विषय बंद करण्यामागचं त्यांचं म्हणणं त्यांच्यासमोर मांडून होकार आणायला. मुलगी म्हणाली, पहिल्यांदा आम्ही म्हटलं, तुम्हाला खर्च वाचवायचाय, तर ते भडकले, चालते व्हा म्हणाले. दुसऱ्या वेळी चहा दिला पण नाही म्हणाले. तिसऱ्या वेळी या मुलीनेच म्हटलं, ‘‘सर, तुमचं म्हणणं असं ना, की जो विषय शिकून मुलगा परत घरीच बसणार, तो चालू ठेवणं म्हणजे त्या मुलाला आणि त्याच्या आईबापाला फसवणं?’’ अध्यक्ष म्हणाले, होय, असंच. वर म्हणाले, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग मुलांनी त्यांना आपला नकार सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला. विचार करतो म्हणाले. म्हणजे काय ते रत्नागिरीत सगळ्यांना माहीत आहे. विषय अजून बंदच आहे. पण मॅडम त्या मुलीकडे अशा बघत होत्या, की मला मान खाली घालावी लागली.

मुलं गेली. मी पुढे झालो. या वेळी वाक्य तयार नव्हतं.

‘‘मॅडम,’’ मी म्हटलं, ‘‘तुमचं म्हणणं असं, की ज्याच्याशी आपलं पटत नव्हतं तो माणूस त्या दिवशी खोलीत होता, समोर बसला होता, आणि मी त्याला काय वाटतं ते विचारलंच नाही. त्याला हसवलं. तो हसला ते मी होकारात धरलं. आणि तुम्ही जे करत होता ते सांगायच्या ऐवजी तुम्ही कशा दिसता ते सांगितलं, म्हणून त्याला वाटलं, तुम्ही गेलात की सगळं गेलं.’’

मॅडमनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

‘‘होय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘असंच.’’

मला इतकं हलकं वाटलं की मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, चुकलं माझं मॅडम, येतो मी.

‘‘बस खाली. नकार?’’

मी म्हटलं, नकार कसला, सगळं कबूल आहे.

‘‘अपराधी वाटायला लागलं की माणूस समोरच्याचं सगळं कबूल करतो आणि सुटतो,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘वडिलांचं असंच कबूल केलंस आणि डोंबिवलीला गेलास. माझं म्हणणं सगळंच बरोबर कसं असेल? तू इतकी वर्षं लोकांना हसवतोयस, त्याच्या बाजूने तुझ्याकडे काहीच नाही? सांग.’’

आणि थांबल्या. छत्री काखेत, मान किंचित डावीकडे. खरंच, मी दाखवायचो तितकी वाकडी नसते ती.

मला सुचत होतं. तीन-चार चुटके जिभेवर येऊन बसले होते. मी एकही सोडला नाही. एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांनी आम्हाला जरा सरका म्हटलं, आम्ही सरकलो, आणि मॅडम परत तशाच थांबल्या. सूर्य बुडाला तरी मी गप्प होतो. खरा नकार सापडत नव्हता आणि खोटा द्यायचा नव्हता. मॅडमबरोबर मी एवढा वेळ गप्प बसलो असा तो दुसराच प्रसंग. पहिल्याला सुजाताचं डोकं दुखत होतं.

‘‘घाई नाही,’’ शेवटी त्या म्हणाल्या आणि उठल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या सांगलीला बहिणीकडे राहायला गेल्या, हे मला ग्रुपवर कळलं. नकार मला अलीकडे थोडाथोडा सापडतोय असं वाटतं. मॅडम लोकांना आधी आवडल्या नसत्या तर त्यांचा विषय कुणी ऐकून तरी घेतला असता का, असं काहीतरी. पण तो इथे मांडत नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं तो खोलीत हवा, आणि हे सगळं लिहितानाच मी तो नियम मोडलाय. सांगलीची एसटी सकाळी सुटते. तिकडे जाऊन बोलेन.

जेटीवरच्या त्या शनिवारी संध्याकाळी मॅडम स्कूटरवर बसल्या, मागे न बघता जेटीच्या रस्त्याने निघाल्या. मागून येणारा रिक्षावाला हळू झाला. डावीकडचा इंडिकेटर लुकलुकत होता, आणि मॅडम सरळ जात होत्या.